‘प्रीकोशस’, म्हणजे वयाच्या मानाने फार लवकर समज आलेलं, या इंग्रजी विशेषणाचं मूळ काय? ‘प्रेशस’शी, म्हणजे ‘मौल्यवान’ या अर्थाच्या शब्दाशी, त्याचं काही नातं आहे का?

नाही. कानाला दोघे सख्खे वाटतात खरे, पण ‘प्रेशस’ आला लॅटिन ‘प्रेतिउम’वरून, म्हणजे किंमत, ‘प्राइस’ त्याचाच भाऊबंद. ‘प्रीकोशस’चं घराणं वेगळं आहे आणि ते आपल्याला जास्त जवळचं आहे.

लॅटिनमध्ये ‘प्राय’ म्हणजे आधी, ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणं किंवा पिकवणं. त्यातून ‘प्रायकॉक्स’, वेळेआधी पिकलेलं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिचचे डॉक्टर टॉमस ब्राउन ‘प्रीकोशस’ वापरतात ते झाडांबद्दल. वयाच्या मानाने फार समजणारी मुलं त्यात नंतर आली. आपला ‘अकालपक्व’ अगदी याच घडणीचा, आणि हा योगायोग वरवरचा नाही. ‘कोक्वेरे’ आणि संस्कृत ‘पच्’ एकाच धातूतून आलेत. पक्व, पाक, पिकणं, सगळी तीच मंडळी.

मग ‘प’चा ‘क’ कसा झाला? लॅटिनच्या पूर्वजभाषेला एक खोड होती. शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ आणि पुढे ‘क्व’ आला, की पहिला ‘प’सुद्धा ‘क्व’ होऊन जाई. पाचाचा आकडा बघा: संस्कृतात पञ्च, ग्रीकमध्ये पेंते, लॅटिनमध्ये मात्र क्विंक्वे. ग्रीकने ‘प’ राखला, म्हणून पेप्सिन, डिस्पेप्सिया हे पचनाचे शब्द ‘प’चेच राहिले.

मला सगळ्यात गंमत वाटते ती जर्दाळूची. पीचच्या आधी पिकतो म्हणून रोमन लोकांनी त्याला ‘प्रायकॉक्स’वरूनच नाव दिलं होतं. ते ग्रीकांकडे गेलं, ‘प्रायकोकियोन’ झालं. अरबांनी त्याला आपलं ‘अल’ (इंग्रजी ‘द’सारखं उपपद) जोडून ‘अल-बरकूक’ केलं आणि स्पेनपर्यंत नेलं. तिथून ते इंग्रजीत पोचलं तेव्हा, सोळाव्या शतकात, त्याचा उच्चार ‘ॲब्रिकॉक’च्या जवळपास होता, शेवटचा ‘ट’ फ्रेंचच्या वळणाने आला. म्हणजे ‘ॲप्रिकॉट’ आणि ‘प्रीकोशस’ सख्खी भावंडं. एक भूमध्य समुद्राला वळसा घालून आलं, दुसरं विद्वानांनी थेट लॅटिनमधून उचललं.

इंग्रजीत याच धातूचं आणखी एक विशेषण आहे, ‘पका’. तो आपला ‘पक्का’च. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तो इथूनच नेला.