जानेवारीतच ट्यूलिपची पाती वर आलीत? उकरू नकोस!

अगं, कंद काढून घरात आणू का म्हणतेस, मुळीच नको. मागच्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून दोन बोटं पाती वर आली आणि आता बर्फ पडणार, इतकंच झालंय ना? न्यू जर्सीत हे बऱ्याचदा होतं. पहिल्या हिवाळ्यात मीही रात्री टॉर्च घेऊन वाफ्यात वाकून बघायचे, नवरा अजून चिडवतो.

फूल अजून खाली कंदातच आहे, पाच-सहा इंच मातीखाली. पातीची टोकं करपतील, तपकिरी होतील, होऊ देत. बर्फाचं तर उलट पांघरूणच होतं. त्रास होतो तो दिवसा वितळ, रात्री गोठ असं चालू राहिलं की, माती फुगते आणि कंद वर ढकलले जातात. तसा एखादा उघडा पडलेला दिसला तर माती लोट आणि वर दोनेक इंच वाळका पाला पसर. प्लास्टिक घालू नकोस, आत दमट होऊन सडतं. मार्चअखेर कळ्या दिसायला लागल्यावर कडाक्याची थंडी आलीच तर रात्रीपुरती जुनी चादर टाक, सकाळी काढ.

आणि ट्यूलिपला थंडी हवीच असते, १२ ते १६ आठवडे, त्याशिवाय दांडा नीट वाढत नाही. मी हौसेने पुण्याला आईकडे कंद नेले होते, कुंडीत मस्त पात आली, फूल काही आलं नाही. आई म्हणाली, एवढ्या लांबून आणून हा कसला गं लसूण!

खारींचं मात्र बघ. ट्यूलिपचे कंद त्या उकरून खातात, डॅफोडिल विषारी म्हणून तोंड लावत नाहीत. मी मातीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरते.

बाकी हात शिवशिवतात म्हणून कात्री घेऊन फिरू नकोस. एका फेब्रुवारीत मी निळ्या हायड्रेंजियाच्या (गुच्छागुच्छाने फुलणारं झुडूप) वाळक्या दिसणाऱ्या काड्या छाटून साफ केल्या, त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याअखेरीच धरलेल्या असतात हे कुठे माहीत होतं! वर्षभर नुसती पानं बघितली.

अगदीच धीर धरवत नसेल तर फेब्रुवारीच्या मध्यावर फोर्सिथियाच्या, म्हणजे त्या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या, चार फांद्या तोड आणि घरात कोमट पाण्यात ठेव, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदल. दोनेक आठवड्यांत पिवळीधमक फुलतात, बाहेर बर्फ असला तरी.