कळ थांबली म्हणजे खडा पडला असं समजू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की रविवारी पहाटे दाजींच्या डाव्या कुशीत कळ उठली, सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला 7 मिमीचा खडा आणि किडनीला थोडी सूज निघाली, आणि दोन दिवसांपासून दुखणं एकदम बंद आहे. शेजारच्यांनी दिलेल्या पानफुटीच्या रसाने खडा विरघळला असेल का, बोअरचं पाणी, दूध नि टमाटे बंद करावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. भुसावळला रेल्वेच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, दोनदा मुतखडा भोगलाय आणि भावाची एक किडनी याच दुखण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी महत्त्वाचं. दुखणं थांबलं हा खडा पडल्याचा पुरावा नाही. लघवी अडून किडनीत दाब वाढतो, त्याची ती कळ असते. काही दिवसांनी अडलेली किडनी लघवीच कमी बनवते, दाब उतरतो, कळ जाते, पण खडा तिथेच असतो. माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. एकाने पुड्या दिल्या, आठवड्यात दुखणं गेलं, "खडा विरघळला" म्हणून त्याने सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. दीड वर्षाने वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर किडनी पाण्याच्या फुग्यासारखी फुगलेली. किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये तिचं काम 9 टक्के उरलेलं निघालं. शेवटी काढावी लागली. त्या दीड वर्षात त्याचं एकदाही दुखलं नव्हतं.

तेव्हा दाजींना यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि दोनेक आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा. खालच्या टोकाचा खडा दिसायला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून पाणी पिऊन, लघवी रोखून जायचं. खडा दिसला नाही तरी सूज उतरली का ते विचारा. शंका राहिली तर साधा सीटी स्कॅन करतात, त्यात जवळपास सगळे खडे दिसतात. एक्स-रेत यूरिक ॲसिडचे खडे दिसतच नाहीत.

5 मिमीच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. 7 मिमीचं निम्मं-निम्मं धरा. खालच्या टोकाला असेल तर टॅम्सुलोसिनची गोळी देतात, तिने नळी सैल पडते. गोळीवर असताना झटकन उठू नये, चक्कर येते. चार ते सहा आठवड्यांत पडला नाही तर दुर्बिणीने काढतात. नंतर लघवी वाहती राहावी म्हणून आत बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट ठेवला, तर तो काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रेशनकार्ड-आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पानफुटी, कुळथाचं पाणी घेऊ द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा, पण त्यावर विसंबून तपासणी लांबवू नका. बिअर तर नकोच. ऐन कळेत तांब्यावर तांब्या पाणी पाजलं तरी खडा ढकलला जात नाही, उलट दाब वाढून कळ वाढते. तेव्हा इंजेक्शनच लागतं.

लघवी मात्र चहाच्या जुन्या गाळणीतून करायला सांगा. माझा पहिला खडा असाच सापडला. तिळाएवढा, तपकिरी, गोखरूच्या काट्यासारखा टोकदार. एवढ्याशा वस्तूने मला रनिंग रूमच्या, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीच्या, फरशीवर रात्रभर लोळवलं होतं. या दुखण्यात माणसाला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही, उलट्या होतात, कळ जांघेत उतरते, लघवी लालसर होते. अपेंडिक्सचा रोगी हलायला घाबरतो, मुतखड्याचा एका जागी राहूच शकत नाही. सापडलेला खडा डबीत घालून तपासायला द्या. बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण यूरिक ॲसिडचा निघाला तर तो औषधाने खरोखर विरघळवता येतो.

आता पाण्याचं. हंड्याला पांढरा थर बसतो म्हणून सगळे बोअरला दोष देतात. माझ्या मते आपल्याकडे खरा घात करतो तो उन्हाळा. मे महिन्यात इंजिनात मी दिवसाला चार लिटर पाणी प्यायचो आणि खुशीत असायचो. दुसऱ्या खड्यानंतर डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी मोजायला लावली. भरली जेमतेम 900 मिली. बाकी सगळं घामात गेलेलं. म्हणून किती प्यायलं ते मोजू नका, किती बाहेर पडलं ते मोजा. अडीच लिटर व्हायला हवी. केळीच्या बागेत राबणाऱ्यांनी आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बायाबापड्यांनी हे फार मनावर घ्यावं.

टमाटा विनाकारण बदनाम झालाय, खाऊ द्या. पालकात खडे करणारं ऑक्झलेट फार, तो कमी करा. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. कमी करायचं ते मीठ. शेवभाजी, लोणचं, बिबडी, पापड, यातलं मीठ लघवीत कॅल्शियम वाढवतं. मटणही बेतानेच. रोज एक-दोन लिंबं पाण्यात पिळून, मीठ-साखर न घालता द्या.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) किती आहे ते बघून इथे सांगा. आणि ताई, थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी काढा.