भोरडी आणि पळसमैना

प्रश्न असा होता: भोरडी आणि पळसमैना एकच का? एकच असतील, तर ऑगस्टमध्ये दिसणारे मातकट थवे कुणाचे?

पक्षी एकच. भोरडी हे ज्वारीच्या पट्ट्यातलं नाव. शब्द स्त्रीलिंगी, पण एकवचन क्वचितच ऐकू येतं. ही एकटीदुकटी येतच नाही, त्यामुळे ‘भोरड्या बसल्या’ असंच म्हणतात. शेतकऱ्याला ती आठवते ते कणसं चिकात भरल्यावर, गोफण हाती घ्यायच्या दिवसांत. पळसमैना हे नाव मात्र फेब्रुवारी-मार्चचं: तेव्हा पळस, पांगारा, सावर फुलतात आणि हाच पक्षी मध प्यायला त्यांच्यावर गर्दी करतो. हिंदीत तो तिल्यर. शास्त्रीय नाव पास्टर रोझियस. लॅटिनमध्ये पास्टर म्हणजे मेंढपाळ. चरत्या कळपाच्या पायांनी उडणारे किडे टिपत हे पक्षी मागोमाग फिरतात, म्हणून.

आता मातकट थवे. ती भोरडीचीच त्या वर्षीची पिल्लं. अंग वाळूच्या रंगाचं, पंख जरा गडद, चोच बुडाशी पिवळी, शेंडी नाही. पूर्व युरोप ते मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात मे-जूनमध्ये दगडांच्या खाचांत यांची वीण होते. टोळ-नाकतोडे भरपूर असतील तिथेच वसाहत बसते. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आटोक्यात राहावेत म्हणून यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. वीण लवकर आटोपते, त्यामुळे जुलै-ऑगस्टपासूनच थवे इकडे येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात.

प्रौढ भोरडीचं डोकं, पंख, शेपटी काळी, पाठ-पोट गुलाबी. पण हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळकाच दिसतो, कारण नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात. त्या झिजत जातात तसा खालचा रंग उघडा पडतो. पळस फुलेपर्यंत पक्षी झळाळतो तो असा, पिसं न बदलता.

गफलत होते ती भांगपाडी मैनेशी. तिचा काळा रंग टोपीपुरताच, गळा-छाती बदामी आणि पाठ करडी. भोरडीचा काळा रंग गळ्यावरून छातीपर्यंत उतरतो. पिल्लांना साळुंकी समजू नका: साळुंकीच्या डोळ्यामागे पिवळी कातडी असते आणि उडताना पंखांत पांढरा पट्टा चमकतो, पिल्लांत दोन्ही नाहीत.