विंडोजचं मोठं अपडेट लगेच टाकावं की थांबावं?

तुम्ही नाशिकला पंचवटीत घरूनच जीएसटीची कामं करता, लॅपटॉप एकच आहे आणि नवीन व्हर्जन टाका म्हणून तो रोज मागे लागतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत, थांबा. पण नेमकं काय थांबवताय ते बघा, घोळ तिथेच होतो.

माझं शालिमारला डीटीपीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एका रात्री शटर ओढायच्या घाईत 'अपडेट अँड शट डाउन' दाबून मोकळा झालो. सकाळी मशीन झकास चालू झालं, पण मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर म्हणे 'डोंगल सापडला नाही'. डोंगल म्हणजे त्या सॉफ्टवेअरची यूएसबीत लावायची किल्ली. डोंगल समोर लावलेला, त्याचा लाल दिवा चालू, आणि म्हणे सापडला नाही! ड्रायव्हर, म्हणजे डोंगल विंडोजला ओळखवून देणारा छोटा प्रोग्राम, जुना होता, नव्या व्हर्जनला चालेना. काउंटरवर नवरीचे मामा उभे, पत्रिकेत मुहूर्ताची वेळ बदलायची होती. शेवटी सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' केलं, तेव्हा जुनं व्हर्जन परत आलं. ही सोय साधारण 10 दिवसच राहते. जागा करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइली उडवल्या तर तीही जाते. तुमच्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनलाही ड्रायव्हर लागतोच, म्हणून हे सांगतोय.

मी निदान फाइली तरी गमावल्या नाहीत. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं 1809 व्हर्जन आलं, त्यात काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने ते काही दिवसांतच थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात परत सोडलं. महिनाभर थांबलेल्याला यातलं काही कळलंही नसेल.

दर महिन्याच्या सुरक्षेच्या पॅचेसना, म्हणजे छोट्या दुरुस्त्यांना, मात्र हा हिशोब लावू नका. मे 2017 मधलं वॉनाक्राय आठवतंय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं? ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. हे पॅचेस दुसऱ्या मंगळवारी रात्री येतात, म्हणजे आपल्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराच्या आदल्या रात्री. मी रविवारपर्यंत टाकून घेतो.

आता गंमत अशी की 'पॉज अपडेट्स' दाबलं की हे पॅचेसही थांबतात. त्यामुळे ते बटण फार तर तुमच्या 11 आणि 20 तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या धावपळीपुरतं वापरा. विंडोज 11 मध्ये मोठं व्हर्जन सहसा वेगळं दिसतं, खाली 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' असतं. त्याला नुसतं हात लावू नका, बाकीचं येत राहतं.

मात्र कायमचं लांबवता येत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडून व्हर्जन बघा. होम किंवा प्रो असेल आणि 23एच2 दिसत असेल तर त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे पॅचेस मिळणं, 11 नोव्हेंबर 2025 लाच संपलाय, तिथे थांबण्यात अर्थ नाही. 24एच2 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत आहे, म्हणजे तुम्हाला एखादी निवांत 21 तारीख गाठता येईल.

त्या दिवशी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, टोकनचा नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कधी कधी रीस्टार्टनंतर तीच मागतो. माझी गल्ल्याशेजारच्या गणपतीच्या फोटोमागे चिकटवलेली आहे.