नाशिकची थंडी आणि तुमचा जाडजूड कम्फर्टर

तुमचा प्रश्न मी असा समजले: आईवडील ठाण्याहून नाशिकला राहायला आले, पहिल्याच डिसेंबरात गारठले, म्हणून तुम्ही घाईघाईने 300 जीएसएमचा (चौरस मीटरमागे 300 ग्रॅम भरणाचा) मायक्रोफायबरचा डबल कम्फर्टर मागवलात. आता वडिलांना त्याखाली रात्री बाराला घाम फुटतो आणि पहाटे चारला हुडहुडी भरते. आईचे पाय तर रात्रभर गारच. याहून जाड घेऊ, जयपुरी घेऊ की पिसांचा, असं तुम्ही विचारताय.

याहून जाड काही मागवू नका. सेल चालू असतात, बोट पटकन जातं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

माझ्या माहेरी गाद्या-दुलयांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पिंजायचं मशीन आणि चार माणसं, जी दिवाळी ते संक्रांत मान वर करत नसत आणि पावसाळ्यात बसून असत. मशीनच्या आधीचे दिवस मी लहानपणी थोडेफार पाहिलेत. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून पिंजारी दारात यायचा. त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा बसला की टण्ण टण्ण आवाज गल्लीभर जायचा आणि घरातल्या बायका नाकाला पदर लावायच्या. वर्षभर अंगाखाली दबून गाठी झालेला पिवळट कापूस त्या तातीला चिकटायचा, थरथरायचा आणि पलीकडे पडायचा तो सुटा, हलका. वजन तेच, पण ढीग बघता बघता कमरेएवढा. आमचे अण्णा गिऱ्हाइकाला फार समजावत बसत नसत. त्या ढिगातला मूठभर कापूस घ्यायचा, करकचून दाबायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर मूठ सोडायची. कापूस सावकाश वर आला की म्हणायचे, ऊब ती ही, बाकी नुसता भार.

अण्णा सातवी शिकलेले, पण म्हणत होते ते बरोबरच. ऊब कापसात नसते आणि पॉलिएस्टरमध्येही नसते. तंतूंच्या मधे जी हवा अडकून बसते, ती हलत नाही म्हणून अंगाची उष्णता बाहेर पडत नाही. जे भरण फुलतं आणि फुललेलं राहतं, ते ऊबदार. या एका हिशेबात तुमचा कम्फर्टर काही वाईट नाही. आतला पॉलिएस्टर (दुकानात सगळे त्याला सरसकट रेक्रॉन म्हणतात) पोकळ तंतूंचा असेल तर चांगला फुलतो. घोडं पेंड खातं ते घामापाशी.

झोपेत आपल्या अंगातून थोडी थोडी वाफ सतत निघत असते, घाम आलेला कळत नसला तरी. ही वाफ पांघरुणाने कुठेतरी न्यायला हवी. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या आठएक टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडा लागतो. लोकर तर सोळा टक्क्यांच्या आसपास घेते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. त्यात तुमच्या कम्फर्टरचं बाहेरचं कापडही मायक्रोफायबरचंच, म्हणजे तेही पॉलिएस्टर. मग होतं असं: वडील साडेदहाला गुरफटून झोपतात, बाराला आत कोंडतं, घाम येतो, ते पांघरूण भिरकावतात. कपडे दमट, अंग दमट. खोली मात्र पहाटेकडे आणखी गार होत जाते. चारला ओल्या अंगावर गार हवा, म्हणून हुडहुडी. 300 च्या जागी 400 जीएसएम आणलात तर घाम बाराऐवजी अकराला येईल, एवढाच फरक.

म्हणून पहिला प्रयोग फुकटातला करा. कम्फर्टरला जुन्या सुती साड्यांची किंवा सुती चादरींची खोळ शिवून घाला आणि वडिलांना सिंथेटिक ट्रॅकपँटऐवजी सुती लेंगा घालायला सांगा. निम्मी तक्रार तिथेच मिटते, असा माझा अनुभव आहे. नाही मिटली, तर पुढे वाचा.

माझं मत विचाराल तर नाशिकला कापसाची दुलईच. कारण नाशिकची थंडी कोरडी असते आणि दिवसा खणखणीत ऊन पडतं. रात्री दुलईने जी ओल घेतली ती दुसऱ्या दिवशी दोन तास गच्चीत टाकली की गेली. कापसाची सगळी मदार या उन्हावर आहे. तुमच्या फ्लॅटला ऊन येणारी बाल्कनी नसेल, सोसायटी गच्चीला कुलूप लावत असेल, तर कापूस घेऊ नका. तो महिन्याभरात दबतो आणि कुबट मारतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माझ्या नातेवाइकांना मी कधीच कापसाची जाड दुलई सुचवत नाही. तिथे पावसाळा काढेपर्यंत तिला बुरशी धरते. त्यांना गोधडी पुरते आणि ती धुताही येते.

आता कापूस कोणता. लोकांना वाटतं लांब धाग्याचा, महागडा तो चांगला. कपड्यासाठी हो. दुलईत उलट आहे. आखूड धाग्याचा, जरा खरखरीत देशी कापूस जास्त कणखर असतो, दाबला तरी परत उठतो. मऊ, रेशमासारखा कापूस हातात घेतल्यावर मोह होतो, पण लवकर बसतो. आणि सगळ्यात मोठी फसवणूक असते ती चिंध्यांच्या कापसाची. शिवणकामातले कपटे नि होजिअरीचे तुकडे यंत्रात फाडून त्याचा पुन्हा कापूस करतात आणि शंभर टक्के कॉटन म्हणून विकतात. बऱ्याचदा त्यात पॉलिएस्टरचे तुकडेही मिसळलेले असतात. मी स्वतः, गादीवाल्याची मुलगी असून, एका प्रदर्शनात अशी रजई घेऊन आले. वरचं कापड इतकं देखणं होतं की आत हात घालायचं सुचलंच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या पोटात नारळाएवढे गोळे झाले. उसवून बघितलं तर आत निळे, गुलाबी, राखी दोरे, आणि एक अख्खं बटण! अण्णा तेव्हा हयात होते. काही बोलले नाहीत, ते बटण तेवढं त्यांनी खिशात टाकलं.

त्यामुळे भरण बघितल्याशिवाय घेऊ नका. चिमूटभर मागून घ्या, घरी आणा आणि चिमट्यात धरून, मोरीत किंवा पत्र्यावर, काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख उरते, बोटांत चोळली की पीठ होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतो, वितळतो आणि शेवटी टणक काळा मणी राहतो. लोकरीला आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. दुकानदाराने चिमूटभर द्यायला नकार दिला तर तेही उत्तरच आहे.

वजनाचं गणित असं. सिंगल दुलई 60 बाय 90 इंचांची, म्हणजे साडेतीन चौरस मीटर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम. 200 जीएसएम भरणाच्या सिंगल कम्फर्टरमध्ये सातशे ग्रॅम भरण असतं. काही विक्रेते कापडाचं वजनही त्यातच धरतात, तेवढं विचारून घ्या. कापूस पोकळ पॉलिएस्टरइतका फुलत नाही, म्हणून तेवढ्याच उबेला तो जास्त लागतो. नाशिक शहरात सिंगलला दीड किलो भरपूर झाला. निफाडच्या बाजूला, जिथे थंडीच्या लाटेत पारा पाचच्याही खाली जातो, तिथे मळ्यातल्या घरात दोन किलो भरतात. त्यावर जाऊ नका. वयस्कर माणसाला भार सोसत नाही. गुडघे दुखणाऱ्याला रात्री कूस बदलताना तीन किलोची दुलई उचलणं म्हणजे शिक्षा असते.

जयपुरी रजईबद्दल. पाव किलोची म्हणून जी विकतात, त्यातलं पाव किलो हे फक्त भरण असतं, कापड वेगळं. कापूस पुन्हा पुन्हा पिंजून अगदी तलम करतात आणि मलमलीसारख्या पातळ कापडात भरतात, म्हणून वजनाच्या मानाने ती खरंच उबदार लागते. वर सांगानेरी छापा असला की देखणीही. पण ती पुण्यातल्या डिसेंबरला, एसीला, प्रवासाला. तुमच्या आईला नाशिकच्या जानेवारीत एकटी ती पुरणार नाही. घ्यायचीच तर जास्त भरणाची मागा.

सावरीच्या कापसाची दुलई कुणी देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. उशीला त्याच्यासारखं काही नाही, मी आजही त्याच उशीवर झोपते. त्याचा तंतू आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारा, पूर्वी तो जीवरक्षक जॅकेटात भरत. पण गुळगुळीत आणि ठिसूळ असल्यामुळे तो एकमेकांत गुंतत नाही, दुलईत सरकून कोपऱ्यात जातो. पिंजायला गेलं तर भुगा होतो. रेशमाची भरणही मिळते, हलकी असते, पण तेवढ्या पैशात दोघांच्या कापसाच्या दुलया होऊन वर सोलापुरी चादरी येतील.

पिसांचं मात्र नीट सांगते, कारण माझी मुलगी म्युनिकला असते आणि मी तिथे दोन हिवाळे काढलेत. हंसाच्या किंवा बदकाच्या पोटाकडची बारीक लव असते ती, दांडीची पिसं वेगळी. इतकं हलकं आणि इतकं उबदार दुसरं काही मी पांघरलेलं नाही. पण ती लव भिजली किंवा दमट राहिली की बसते, स्वस्तातल्या मालात दांड्या भरलेल्या असतात आणि त्या कापडातून टोचतात, धुणं नाजूक, आणि आपल्याकडे दुरुस्त करून देणारा मिळणं मुश्कील. तुमच्या आईवडिलांसाठी मी ती घेणार नाही. त्या घरातून मी शिकले ती दुसरीच गोष्ट. तिथे नवराबायको एका पलंगावर झोपतात आणि पांघरूण प्रत्येकाचं वेगळं, 135 बाय 200 सेंटीमीटरचं. आधी मला ते विचित्र वाटलं. मग घरी येऊन मोजलं. आपला डबल बेड 72 इंच रुंद आणि डबल दुलई 90 इंच. दोन्ही बाजूंना लोंबायला नऊ-नऊ इंच उरतात. त्यात गादीच सहा-आठ इंच जाड. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची पाठ उघडी! शिवाय तुमच्या वडिलांना उकडतं आणि आईला थंडी वाजते. एकाच पांघरुणात या दोघांचं कधीच जमणार नाही. दोन सिंगल घ्या: वडिलांना एक-सव्वा किलोची, आईला दीडची. तीन-चार इंच रुंद जास्त शिवून घ्या.

आईच्या पायांचं कारण पांघरुणात नसून खाली असावं, असा माझा अंदाज आहे. अंगाच्या भाराने गादी दबते, तिच्यातली हवा जाते, आणि थंडी खालून चढते. अंगावरची दुलई कितीही जाड केली तरी त्याला इलाज नाही. पलंगपोसाखाली एक जाड गोधडी किंवा घोंगडी अंथरा, दोन रात्रींत फरक कळेल. घोंगडी टोचते म्हणून अंगावर नको, पण अंथरायला बहार. दुलई पायाकडून गादीखाली खोचा. पायांत सैल मोजे. मधुमेह असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नका. पाय बधिर असले तर भाजतंय हे कळत नाही.

शिवणीवर एक नजर टाका. दुलई खिडकीसमोर धरा: जिथे उजेड आरपार दिसतो तिथे भरण नाही, तिथून थंडी शिरणार. कापसाला टाके जवळजवळ हवेत, चार-पाच बोटांवर, नाहीतर तो सरकतो. फार दाट रजईकाम दिसायला सुरेख, पण प्रत्येक टाक्यापाशी कापूस दबतो आणि ऊब तेवढी कमी होते. आम्ही साध्या चौकटी मारायचो, दाभणाने, दुहेरी दोऱ्याने.

कापसाची दुलई धुवायची नाही, कधीच नाही. मशीनमध्ये तर नाहीच, पाणी पिऊन तिचं वजन एवढं होतं की ड्रम गचके खातो आणि बाहेर येतो तो लगदा. सुती अभ्रा घाला, तो धुवा. दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल तर मात्र माझा सगळा सल्ला उलटा: पॉलिएस्टर घ्या, 60 अंशाच्या पाण्यात धुता येईल असाच घ्या, कारण बिछान्यातले सूक्ष्म किडे त्या पाण्यात मरतात. लेबलवर तापमान लिहिलेलं असतं. आणि घरात वर्षाखालचं नातवंड राहायला येणार असेल तर त्याच्या अंगावर यातलं काहीही नको, ही पांघरुणं तोंडावर येतात.

तुमचा कम्फर्टर टाकू नका, पाहुण्यांना होईल. नव्या दुलया तयार घेण्यापेक्षा गादीवाल्याकडे समोर बसून भरून घ्या. थंडीच्या दिवसांत त्यांच्याकडे रांग असते, दुपारी जा. कापूस पिंजायच्या आधी तुमच्यासमोर वजन करायला सांगा, पिंजताना कचरा आणि सरकी झडून थोडं वजन घटतं ते धरा, आणि उरलेला कापूस पिशवीत भरून मागून घ्या. त्यात आईची एक उशी होते.