स्ट्रोकनंतर वडिलांची मूठ उघडत नाही, रोबोटिक ग्लोव्ह घ्यावा का?

वडिलांना चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक येऊन गेला, चालतात पण उजव्या हाताची मूठ आवळलेलीच असते, ऑनलाइन मिळणारा रोबोटिक ग्लोव्ह घ्यायचा का आणि आता उशीर झालाय का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेते, ठाण्यात घरी जाऊन पेशंट बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उशीर झालेला नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फरक झपाट्याने पडतो हे खरं, पण नंतरही पडतो, हळूहळू. अमेरिकेत स्ट्रोकला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, त्यात चांगल्या हातात दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ मिट (बोटं वापरता येऊ नयेत म्हणून घालायचा जाड हातमोजा) घालून ठेवायचे आणि सगळी कामं अधू हाताकडून करून घ्यायचे, आणि मिळालेला फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मात्र त्यासाठी मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उचलली जायला हवीत, त्यामुळे बाबांचा चांगला हात आपल्या मनाने बांधून ठेवू नका, त्यांचा तोलही जाऊ शकतो.

आता ग्लोव्ह. बाबा टीव्ही बघतायत आणि ग्लोव्ह बोटं उघडमिट करतोय, याने सांधे आखडत नाहीत एवढंच, मेंदू त्यातून फारसं काही शिकत नाही. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर महागड्या रोबोट मशीनचा अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात जास्त सुधारणा दिसली नाही. म्हणून घेणारच असाल तर पेशंटने आधी स्वतः जोर लावल्यावर मगच मदत करणारा घ्या, आणि त्याआधी थेरपिस्टकडून ट्रायल करून बघा. माझा स्वतःचा कल करंटच्या मशीनकडे जास्त असतो, बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर पॅड लावायचे आणि करंट आला की त्याच क्षणी पेशंटनेही उघडायचा प्रयत्न करायचा, पण पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि तो दाबायचा मऊ स्माईली बॉल, नातेवाईक हमखास आणून देतात तो, बाजूला ठेवा! मूठ आधीच आवळलेली आहे, सराव उघडण्याचा हवाय. माझे एक पेशंट, कोपरी भागातले काका, पेला धरायचे पण सोडता यायचा नाही, बोटं तिथेच अडकायची, मग डाव्या हाताने एकेक बोट सोडवत बसायचे. मनगट किंचित खाली झुकवलं की बोटं आपोआप थोडी सैल होतात, तिथून आम्ही सुरुवात केली, आधी रिकामा प्लास्टिकचा ग्लास, धरायचा, सरकवायचा, सोडायचा, मग डब्याचं झाकण, मग दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, आणि हे सगळं रोज भरपूर वेळा. कंटाळवाणं आहे पण हात यानेच येतो हो.

आरसा थेरपी तर घरीच होते, टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, अधू हात त्याच्या मागे, आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांच्या वेदनेसाठी हे काढलं होतं, नंतर स्ट्रोकमध्येही वापरायला लागले.

मूठ फारच घट्ट असेल, नखं तळव्यात रुतत असतील तर न्यूरोलॉजिस्टना बोटॉक्सबद्दल, म्हणजे आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो आणि तेवढ्यात व्यायाम नेटाने करून घ्यायचा असतो, नुसतं इंजेक्शन घेऊन हात कामाला लागत नाही. अजून एक, बाबांना उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, खांदा निखळून दुखायला लागला तर व्यायामच बंद पडतो.

खर्चाचा प्रश्न असेल तर नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम, दोन्हीकडे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे, १९५५ ची. बाबांचं मनगट स्वतःहून किती उचललं जातं आणि खांदा दुखतो का तेवढं लिहा, म्हणजे ग्लासपासून सुरुवात करायची की आरशापासून ते सांगते.