लहानपणी आवडलेल्या गाण्यांच्या सिनेमाचा पुढचा भाग बघावा का?

तुम्ही विचारलंय की जादू येणाऱ्या आयाबाईच्या 'मेरी पॉपिन्स' या गाण्यांच्या सिनेमाची लहानपणी पारायणं केली आहेत, आता 'मेरी पॉपिन्स रिटर्न्स' बघितला तर जुनी आठवण नासेल का. नासणार नाही. पण मध्ये मध्ये चिडचिड होईल, निदान माझी झाली.

पहिला सिनेमा मी मामाकडे पाहिला, भाड्याच्या व्हीसीआरवर. भाडं वसूल व्हावं म्हणून एका रात्रीत दोनदा. इंग्रजी कळत नव्हतं. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारी पाखरांसाठी पावाचा चुरा विकते, दोन पेन्सला पुडी. 'दोन पेन्स म्हणजे आपले चार आणे समज,' एवढंच मामाने सांगितलं आणि तेवढ्यावर मला सगळी गोष्ट कळली. मेरी ज्याला सांभाळते त्या छोट्या मायकेलला आपले दोन पेन्स पाखरांसाठी हवे असतात, बँकेत नोकरी करणाऱ्या त्याच्या वडिलांना ते खात्यात भरायचे असतात. बँकेतला म्हातारा साहेब ते पोराच्या हातातून काढून घेतो, पोरगं 'माझे पैसे द्या' म्हणून ओरडतं आणि ते ऐकून सगळे खातेदार ठेवी काढायला खिडकीवर तुटून पडतात. माझे बाबा बँकेत कॅशियर. त्यांना यात हसण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं.

तो सिनेमा 1964चा, पुढचा भाग आला 2018मध्ये. मूळ पुस्तकाच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स (आपले पु. ल. नव्हेत) यांना पहिल्यात खऱ्या नटांमध्ये केलेली कार्टूनची भेसळच पसंत नव्हती, त्यामुळे दुसऱ्याबद्दल त्या काय म्हणाल्या असत्या याचा विचार न केलेला बरा. मी स्वतः त्या कार्टूनवर खूश आहे. संगणकाच्या जमान्यात दुसऱ्या भागातही तो तुकडा हाताने काढलेला आहे आणि ते डोळ्यांना कळतं.

चिडचिड होते ती गाण्यांमुळे. पहिल्या भागाची गाणी करणाऱ्या शर्मन बंधूंच्या प्रत्येक गाण्याला इथे एक जोडीदार शोधलाय. तिथे छपरांवर नाचणारे धुराडी साफ करणारे, इथे रस्त्यावर नाचणारे दिवे लावणारे. तिथे हसता हसता छताला टेकणारा काका, इथे जिचं दुकानच उलटंपालटं होतं ती मेरीची दूरची बहीण. शेवटी तिथे पतंग, इथे फुगे. जुन्या घरात नवीन भाडेकरू यावा आणि त्याने प्रत्येक खुंटीवर आधीच्याच मापाचं काहीतरी अडकवावं, तसं. नव्या गाण्यांचा संगीतकार मार्क शायमन, त्याच्या चाली वाईट मुळीच नाहीत, पण थिएटरबाहेर पडताना मी गुणगुणत होतो ते जुनंच.

पहिल्या भागात मेरी झालेल्या ज्यूली अँड्र्यूज यात नाहीत. त्यांना छोटी भूमिका देऊ केली होती. हा सिनेमा नवीन मेरीचा, म्हणजे एमिली ब्लंटचा आहे म्हणून त्यांनी नकार दिला. मला हा सगळ्यात समंजस निर्णय वाटतो. त्या पडद्यावर आल्या असत्या तर नवीन बाईकडे बघितलं कोणी असतं?

डिक व्हॅन डाइक मात्र आहेत. पहिल्या भागात ते मेरीचा मित्र बर्टही होते आणि दाढी लावून तो बँकेतला म्हातारा साहेबही. इथे ते त्याच साहेबाचा मुलगा आहेत. एक्याण्णव वर्षांचा माणूस टेबलावर चढून नाचतो! इथे मी रडलो. आणि नेमक्या याच प्रसंगात माझी खरी तक्रार आहे. मोठ्या झालेल्या मायकेलचं घर कर्जापायी जप्त व्हायची वेळ आलेली असते, आणि हे साहेब सांगतात की तुझे ते दोन पेन्स आम्ही हुशारीने गुंतवले, त्यातून कर्ज फिटलं. म्हणजे बँकच बरोबर होती? पाखरांना द्यायचे नव्हतेच?

मी हिशेब केला. गोष्टीतली मधली वर्षं साधारण पंचवीस. पाच टक्के चक्रवाढ व्याजाने दोन पेन्सचे सात पेन्सही होत नाहीत. दहा टक्के धरले तरी बावीसच्या आत. त्यात चुऱ्याच्या दहा पुड्या येतील, घर नाही. फोन करून बाबांना सांगितलं. ते निवृत्त झालेत, तरी लगेच म्हणाले, "किमान शिल्लक नाही म्हणून ते खातं केव्हाच बंद झालं असतं."

तर बघा. फक्त त्याच आठवड्यात जुना पुन्हा लावू नका. शेजारी शेजारी ऐकली की नवी गाणी फार बिचारी वाटतात.